भरल्या मोटारीचे माप

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव चढविण्याचा विधी ज्यांनी पाहिला असेल, त्यांस त्यातील मापाचे महत्त्व सांगावयास नको. लोहार प्रथम लाकडी चाकाचा परीघ मोजी. लोखंडी पट्टीचे कडे त्याहून किंचित आखूड बेती. ते विस्तवात लाल करून फुगवी, चाकावर चढवी आणि लागलीच वरून पाणी ओती. निवता निवता कडे आकसे आणि सारे आरे तुंब्यात घट्ट आवळून बसत. माप सैल झाले तर धाव वाटेत निसटे. फाजील आखूड झाले तर चाकच वाकडे होई. पण धाव अधिक रुंद घातल्याने गाडी रुबाबदार दिसेल काय, असा प्रश्न कोणा शेतकऱ्याने लोहारास विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. तरुण मंडळींत मोटारीच्या स्प्रिंगा आखूड करून ती जमिनीलगत आणण्याची, आणि मग तिच्या चाकांस रुंद टायर चढविण्याची हौस आहे. हौसेस आमचा विरोध नाही. घोड्यास झूल घालणारे आणि टांग्यास पितळी घुंगरे बांधणारे आमचे पूर्वजही हौशीच होते. परंतु टायर हा झुलीसारखा नुसता अलंकार नव्हे. गाडी आणि रस्ता यांस जोडणारी तेवढीच एक वस्तू आहे; आणि त्या गाडीत हौस करणारा एकटाच बसत नाही. वृद्ध आई, लेकुरवाळी सून, शाळकरी मुले अशी सारी मंडळी तीत बसतात. म्हणून टायरची रुंदी हा विषय दुकानदाराच्या ओट्यावरचा असला, तरी तो माजघरातही चर्चिला जावा, असे आम्हांस वाटते.

हवेने भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली पेटंट करून घेतली. पण ती लोक विसरून गेले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस खडखडाट सोसावा लागू नये म्हणून रबरी नळी बसविली, आणि तिच्यापासून या धंद्याचा खरा उदय झाला. म्हणजे हवेच्या टायरचा संसार सुरू झाला तोच एका बापाने मुलास दिलेल्या सुखापासून. १९४६ साली मिशलँ या फ्रेंच कारखान्याने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात दोऱ्यांचे थर तिरपे न घालता आडवे, कडेपासून कडेपर्यंत सरळ घातलेले असतात. आजच्या बहुतेक मोटारींचे टायर याच जातीचे होत.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांमुळे. त्याने स्वतःच्या मिळकतीतून एक जुनी मोटार घेतली. कारखान्यातून ती १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरवर, साडेपाच इंच रुंदीच्या रिमसह निघालेली. पहिल्या मालकाने तिच्या स्प्रिंगा काढून चाळीस मिलिमीटर आखूड बसविल्या होत्या, सोळा इंच व्यासाच्या आणि सात इंच रुंदीच्या चकचकीत रिमा घातल्या होत्या, आणि त्यांवर २२५/५० आर १६ चे टायर चढविले होते. गाडी दिसावयास देखणी होती यात शंका नाही. परंतु मागील दोन्ही टायरांच्या बाहेरच्या बाजूस घासल्याची एक काळी गुळगुळीत रेघ उमटली होती, आणि पुढील टायरांची आतली कड टक्कल पडल्यासारखी झिजली होती. चारही टायर बदलणे प्राप्त होते. दुकानदाराने पुन्हा तेच माप सुचविले आणि 'रिमला बरोबर बसतो' अशी ग्वाही दिली. ती ग्वाही खोटी नव्हती. पण ती अर्धीच होती. उरलेले अर्धे काय, हे शोधण्यात आमच्या घराचे दोन रविवार गेले.

प्रथम टायरच्या अंगावर छापलेली अक्षरे वाचावयास शिकले पाहिजे. तेथे एकाच ओळीत तीन निरनिराळी मापे नांदतात. १८५/६५ आर १५ यातील १८५ ही टायरची रुंदी, आणि ती मिलिमीटरांत. ६५ ही टायरच्या बाजूची उंची, पण ती रुंदीच्या शेकडा प्रमाणात, म्हणजे १८५ चे शेकडा ६५, सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. आणि शेवटचे १५ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. दुसरा अंक पहिल्याच्या प्रमाणात असल्याने रुंदी बदलली की उंचीही आपोआप बदलते, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. केवळ रुंदी वाढवून २०५/६५ आर १५ घेतला, तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे शेकडा चाराहून अधिक वाढतो. मग वेगमापकाचा काटा ८० दाखवीत असता गाडी खरोखर ८३ च्या पुढे धावत असते. याउलट १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ भरतो, मूळ मापाशी त्याचा फरक एक मिलिमीटरही नाही. यावरून रुंदी वाढविताना दुसरा अंक उतरवावा लागतो आणि रिमचा व्यासही हिशेबात घ्यावा लागतो, हे ध्यानात येईल.

या मापापुढे आणखी एक आकडा व एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ हा भाराचा अंक असून एका टायरने ५६० किलो भार उचलावा असा त्याचा अर्थ. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ८७ म्हणजे ५४५ किलो आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. वेगाच्या अक्षराकडे तरुणांची दृष्टी जाते; भाराच्या अंकाकडे गृहस्थाने पाहावे. मूळ अंकाहून खाली उतरू नये हा स्थूल नियम. कारखान्याने स्वतः दुसऱ्या मापासह तो अंक मान्य केला असेल, तरच त्यास अपवाद.

आता रिमची गोष्ट. प्रत्येक मापाच्या टायरास किती रुंदीची रिम चालते याच्या मर्यादा टायरच्या धंद्याने ठरवून दिलेल्या आहेत. १८५/६५ आर १५ यास पाच ते साडेसहा इंच, १९५/५५ आर १६ यास साडेपाच ते सात इंच, आणि २०५/५५ आर १६ यास साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम योग्य समजतात. अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर त्याच्या बाजू फुगून बाहेर येतात, वळणावर तो डुलतो, आणि झीजही सारखी होत नाही. याच्या उलट, रुंद रिमवर अरुंद टायर ओढून ताणून बसविण्याचीही एक तऱ्हा निघाली आहे. बसक्या गाड्यांवर ती विशेष दिसते, कारण त्यामुळे टायरची बाजू आत झुकते आणि मडगार्डास घासत नाही. पण अशा ताणलेल्या टायरची कड रिमला भक्कम धरून राहत नाही; हवा थोडी उतरली आणि चाक खड्ड्यात आदळले की ती निसटण्याचे भय असते. शिवाय रिमची कड उघडी पडल्याने पहिल्याच खड्ड्यात ती वाकते. घासणे टळावे म्हणून निसटणे पत्करणे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

दुकानदाराची ग्वाही या रिमच्या हिशेबापुरती खरी होती. २२५ चा टायर सात इंची रिमवर बसतो. परंतु रिम काही हवेत फिरत नाही. ती मडगार्डच्या कमानीखाली, स्प्रिंग आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर यांच्या शेजारी फिरते. तेथे किती जागा आहे हे रिमवरील आणखी एका आकड्यावर अवलंबून असते. रिमच्या मध्यरेषेपासून ती जेथे गाडीस बोल्टांनी जोडली जाते त्या पृष्ठापर्यंतचे हे अंतर असून ते 'ईटी' या अक्षरांपुढे मिलिमीटरांत लिहितात. हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर येते. आमच्या गाडीच्या मूळ रिमवर तो ४५ होता, नव्या रिमवर ३८ निघाला. म्हणजे सारे चाकच ७ मिलिमीटर बाहेर सरकले. त्यात टायर १८५ चा २२५ झाला. वाढलेल्या चाळीसांपैकी वीस बाहेर आणि वीस आत गेले. एकंदरीत टायरची बाहेरची बाजू २७ मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली १३ मिलिमीटर आत गेली. हा हिशेब कागदावर मांडताच त्या काळ्या रेघेचे कोडे निम्मे सुटले.

उरलेले निम्मे सुटले ते आमच्या मातोश्रींमुळे. पुतण्याने अंगणात गाडी उभी करून मागील टायर आणि मडगार्डची कड यांमध्ये बोट घालून दाखविले. बोट सहज फिरत होते. "पाहा काका, जागा आहे की! मग घासतं कुठे?" असे तो आम्हांस म्हणाला. ओसरीवर बसलेल्या मातोश्री हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, सदरा शिवायला माप घेतात ते हात खाली सोडून, पण हात वर केल्यावर काखेत उसवला तर तो सदरा काय कामाचा? गाडीत आम्हांला बसव, आणि मग घाल तुझं बोट."

त्यांची सूचना तत्काळ अमलात आली. पुढे बंधू व आम्ही, मागे मातोश्री, वहिनी व आमची कन्या असे पाच जण बसलो. मागील कप्प्यात, गणपतीस कोकणात जाताना नेतो तेवढे सामान म्हणून तांदळाचे एक पोते आणि दोन बॅगा ठेवल्या. गाडी दबली. पुतण्याचे बोट मागच्या कमानीत शिरेना. पोस्टकार्डाची कड काय ती जेमतेम गेली. आणि ही गाडी उभी असतानाची स्थिती. ताम्हिणी घाटातील एखाद्या खड्ड्यात चाक उसळी मारून वर येईल, तेव्हा काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. आखूड स्प्रिंगांनी चाळीस मिलिमीटर जागा आधीच खाल्लेली, वर माणसांचा भार, त्यात रुंद टायर कमानीच्या बाहेर डोकावणारा. मडगार्डची पातळ पत्र्याची कड टायरच्या बाजूवर सुरीसारखी फिरत होती. टायरचा हा भाग सर्वांत नाजूक; रस्त्यावर टेकणाऱ्या भागासारखे जाड रबर त्यावर नसते. भर वेगात तो फाटला तर गाडीतील पाचही जणांचे काय होईल, हा विचार त्या वेळी प्रत्येकाच्या मनात आला असावा. कारण कोणी काही बोलले नाही.

पुढील टायरांच्या आतल्या झिजेचे कारण निराळे होते. स्प्रिंगा आखूड झाल्या की पुष्कळ गाड्यांत चाकाचा माथा किंचित आत कलतो. त्यामुळे भार टायरच्या आतल्या कडेवर पडतो. टायर जितका रुंद, तितका हा कल अधिक जाचतो, कारण रुंद पट्टा थोडाही तिरपा ठेवला तर त्याची एकच कड जमिनीस लागते. तेव्हा गाडी बसकी केल्यावर चाकांचा कोन यंत्रावर तपासून घेतल्यावाचून टायरची रुंदी ठरविणे व्यर्थ आहे.

रुंद टायर रस्ता अधिक धरतो, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर, वळण घेताना, रुंद टायरचा उपयोग होतो. पण त्यामागील हिशेब पुष्कळांस ठाऊक नसतो. गाडीचे माणसांसह वजन १४०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो येतात. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सव्वादोन किलो होतो. स्थूल मानाने ३५० ला सव्वादोनाने भागावे. सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर येतात. आपल्या पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या अशा चार तुकड्यांवर सारे कुटुंब रस्त्यावर उभे असते! आणि हवा तीच ठेवली तर रुंद टायर घातल्याने हा तुकडा फारसा मोठा होत नाही; तो आडवा वाढतो आणि लांबीत घटतो. कोरड्या रस्त्यावर हे चालते. परंतु पावसात रस्त्यावर पाणी साचलेले असता रुंद टायरास समोरचे अधिक पाणी बाजूस सारावे लागते, आणि ते सारावयास अवधी कमी मिळतो. मग टायर पाण्यावर तरंगू लागतो. सुकाणू हाती असूनही गाडी हाती राहत नाही. जेथे वर्षाचे चार महिने पावसाचे, तेथे रुंदीचा हा तोटा मनात धरलाच पाहिजे.

रस्त्यांचाही विचार करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमांत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गल्लीबोळांतील गतिरोधक या मापाचे कितपत असतात हे वाचक जाणतातच. त्यांवरून जाताना बसक्या गाडीचा तळ घासू नये म्हणून तरुण मंडळी कधी मोठ्या व्यासाचे टायर घालू पाहतात. परंतु व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची गाडीस मिळते, आणि कमानीतील जागा मात्र तितकीच कमी होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनास येईल तसे फेरबदल करण्यास मनाई आहे. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, असा त्याचा अर्थ सांगितला आहे. म्हणून सर्वांत निर्धोक मार्ग हा की, त्याच जातीच्या गाडीच्या वरच्या श्रेणीस कारखान्याने स्वतः कोणते माप दिले आहे ते पाहावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पत्रिकेत टायरचे माप व हवेचा दाब छापलेला असतो. आमच्या गाडीच्या पत्रिकेत दोन मापे होती: १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६.

पुतण्याने अखेर याच दुसऱ्या मापाचे टायर घेतले; आणि माणसे व सामान भरून जाण्याचे प्रसंग वारंवार येतात म्हणून ९१ अंकाचे, अधिक दृढ बांध्याचे घेतले. सात इंची रिम ही या मापाची वरची सीमा आहे, तिच्या पलीकडे नाही. घेताना टायरच्या अंगावरील चार अंकी तारीखही आम्ही पाहिली. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नंतर पुन्हा सर्वांस गाडीत बसवून, तेच पोते ठेवून, माप घेतले. बोट आत शिरले आणि मोकळे फिरलेही. पुढची चाके दोन्ही अंगांस पूर्ण वळवून आतल्या बाजूस काही लागत नाही, हेही पाहिले. गाडी पूर्वीइतकी भारदस्त दिसत नाही, असे त्याच्या मित्रांचे मत पडले. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर खिन्नता आली हे आम्ही नाकारीत नाही. तरुणपणी मित्रांचे मत आजीच्या मताहून जड असते. स्प्रिंगांविषयी परिवहन कार्यालयात विचारावयाचे, आणि उत्तर प्रतिकूल आल्यास कारखान्याच्या स्प्रिंगा परत बसवावयाच्या, हे मात्र त्याने कोणी न सांगता आपण होऊन ठरविले. नवे टायर दोन्ही उंचींस चालणारे आहेत, हाही या निवडीचा एक लाभ.

या साऱ्या खटाटोपातून जे थोडेसे सार निघाले ते हे. टायरची रुंदी एकट्या डोळ्याने ठरवू नये. रिम, कमान, भार आणि पाऊस या चौघांस विचारून ठरवावी. रिमच्या मर्यादेत बसणारी, मूळ व्यासाशी जुळणारी, भाराच्या अंकात कमी न पडणारी आणि भरल्या गाडीतही कोठे न घासणारी जी रुंदी, ती योग्य. तिच्याहून अधिक जी काही रुंदी, ती दाखविण्यासाठी. आणि दाखविण्याची किंमत भरावयाची वेळ आली, तर ती गाडीत बसलेल्या सर्वांनाच भरावी लागते.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस हा न्याय नवा नाही. आपले घर, आपला चौक, आपले ताट-पाट हे सारे सणासुदीस भरलेल्या पंगतीच्या मापाने बेतलेले असते, रिकाम्या दुपारच्या मापाने नव्हे. मोटारही घरातलीच झाली आहे. तेव्हा तिचेही माप तसेच घ्यावे. ज्या तरुणांच्या मनात गाडी सजविण्याची हौस आहे, त्यांनी ती खुशाल पुरी करावी. मात्र दुकानात जाण्यापूर्वी एकदा घरच्या मंडळींस गाडीत बसवावे आणि कमानीत बोट घालून पाहावे. यास पैसा लागत नाही, विद्या लागत नाही. आणि घरातील वडीलधारी माणसे, आमच्या अनुभवाने सांगतो, या कामी मोठ्या आनंदाने येऊन बसतात.